कंदी गेली, आणि आप्पा अजून पहाटे पट्टा खिशात घालून निघतात

वेण्णाकाठची (शनिवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. इथे सहा वर्षं वाचते आहे. पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी लिहिते, एरवी गप्प असते. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आमची कंदी गेली त्याला आज २२ दिवस झाले. कंदी म्हणजे कुत्री. रंग अगदी कंदी पेढ्याचा, कडेला जरा जास्त भाजल्यासारखा. साताऱ्यात राहून दुसरं काय नाव सुचणार! आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. डेपोत टायरांच्या ढिगाआड कुणीतरी पिल्लं टाकून गेलं होतं, त्यातलं एक त्यांनी डब्याच्या पिशवीत घालून आणलं. आईने पुढे महिनाभर त्या पिशवीतून डबा दिला नाही. जातिवंत वगैरे काही नाही, शुद्ध गावठी. १३ वर्षं राहिली.

निवृत्तीनंतर आप्पांचा दिवस कंदीच्या घड्याळावर चालायचा. साडेपाचला ती त्यांच्या पलंगाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहायची. भुंकायची नाही, नुसता तोंडावर श्वास सोडायची. मग दोघं राजवाड्यापासून 'चार भिंती' स्मारकापर्यंत जायची आणि परत यायची. पावसाळ्यातही.

आताही आप्पा साडेपाचलाच उठतात. तिचा पट्टा खिशात घालतात आणि निघतात. मी एकदा मागून गेले. ती जिथे थांबायची तिथे ते थांबतात. एका विजेच्या खांबापाशी, मग रसवंतीच्या बंद गाड्यापाशी. तिला हुंगायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ उभे राहतात आणि पुढे जातात. मी निम्म्या वाटेवरून परत आले, पुढे बघवलं नाही.

घरी काही बोलत नाहीत. परवा एका साखरपुड्यात आत्या म्हणाली, "एवढं काय दादा, कुत्रंच तर होतं." आप्पा हसले, आणि पानावरून तसेच उठले.

सुतक नाही, दहावा नाही, कुणी भेटायला येत नाही. माणूस गेलं की निदान चार दिवस चहाचे कप विसळण्यात जातात. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तिचं पाण्याचं घमेलं होतं, आणि ते उचलायचं कुणी यावर आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो.

तर विचारायचं होतं की पिल्लू आणावं का? आणि त्यांना बोलतं कसं करावं?

गुळपोळी (शनिवार, रात्री ११:४१)

अगं, वाचता वाचता पदर डोळ्याला लावला. आमचा ब्रुनो गेला तेव्हा ह्यांचं अस्संच झालं होतं. मी सरळ आठव्या दिवशी पिल्लू आणलं. ओरडले, बोलले नाहीत, आणि तिसऱ्या रात्री बघते तर पिल्लू ह्यांच्या छातीवर झोपलेलं. आणून टाक. विचारत बसू नकोस.

हरवलेलीछत्री (रविवार, सकाळी ७:०५)

गुळपोळीताई, तुमच्याकडे जमलं, आमच्याकडे अंगाशी आलं. वडिलांसाठी मी परस्पर पिल्लू आणलं. त्यांनी त्याला कधी दुष्टपणे वागवलं नाही, पण नावानेही हाक मारली नाही. दोन वर्षं "ए" म्हणायचे. शेवटी ते कुत्रं माझंच झालं आणि बाबांचं दुःख बाबांकडेच राहिलं. रिकामी जागा भरायला आणलेल्या पिल्लावर फार ओझं पडतं हो. त्याला काय माहीत आपण कुणाच्या जागी आलोय ते!

रोखठोक (रविवार, सकाळी ९:३०)

धागाकर्तीबद्दल सहानुभूती आहे. पण दुसरी बाजूही कुणीतरी लिहायला हवी. माझ्या ९ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी सोसायटीच्या दारात कुत्रं चावलं. पोटरीचा लचका. पाच इंजेक्शनं, शिवाय जखमेत सिरम टोचलं ते वेगळंच. ती किंकाळी मी विसरणार नाही. अजून ती एकटी जिना उतरत नाही. त्या कुत्र्याला रोज बिस्किटं घालणाऱ्या बाई "तो असा नाहीये" एवढंच म्हणाल्या. कुत्र्यावरचं प्रेम म्हणून जे चालतं त्यात जबाबदारी कुठे असते?

गोचीडमार (रविवार, सकाळी १०:१२)

मी जनावरांचा डॉक्टर, लातूरकडे. (नावावर हसू नका, निम्मा दिवस गोचिडांच्या तापातच जातो.)

रोखठोक, तुम्ही योग्य तेच केलंत. इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एकदा लिहून ठेवतो. चावल्यावर पहिली १५ मिनिटं जखम नळाखाली धरून साबणाने धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. मग लगेच दवाखाना. लशीचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल तर सिरम हवंच. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माझ्याकडेही काही नाही आणि माणसांच्या डॉक्टरकडेही नाही. आणि तुमचा मुद्दा बरोबर आहे. बिस्किट घालणाऱ्याने त्याच कुत्र्याला लस टोचून घेतली, नसबंदीला नेलं, तर ते प्रेम. नुसतं बिस्किट घालणं म्हणजे स्वतःच्या मनाचं समाधान.

वेण्णाकाठची, पिल्लाचं नंतर बघू. कंदी गेली कशाने?

वेण्णाकाठची (रविवार, दुपारी १:५०)

मूत्रपिंडं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, ९ च्या वर गेलं होतं. तीन महिने आप्पांनीच घरी सलाईन दिलं, मानेमागची कातडी चिमटीत उचलून. डॉक्टरांनी एकदाच दाखवलं आणि आप्पा शिकले. सलाईनची बाटली देवघराच्या खुंटीला लटकायची. आईने त्यावरून एक अक्षर काढलं नाही, यावरून काय ते समजा.

शेवटच्या आठवड्यात उलट्या थांबेनात, तोंडात फोड आले, पाणीही पोटात टिकेना. डॉक्टरांनी झोपेच्या इंजेक्शनचं विचारलं. मी बाहेर रडत होते. कागदावर सही आप्पांनी केली.

आणि काल रात्री हा धागा टाकल्यावर आईने मला सांगितलं. आप्पा तिला एकदाच बोललेत: "मी खोलीत गेलो तेव्हा तिनं शेपूट हलवली. शेपूट हलवणाऱ्या जनावरावर सही केली मी."

पिल्लाचंही आईने विचारून पाहिलं. त्यांनी हिशेब सांगितला: "मी ७०. पिल्लू १३ वर्षं जगणार. वजाबाकी कर."

गोचीडमार (रविवार, दुपारी ३:३५)

ही गाठ सुटल्याशिवाय पिल्लाचा विचारही करू नका. हे त्यांना वाचून दाखवा, किंवा तुमच्या शब्दांत सांगा.

पहिलं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांचं साधारण तीन-चतुर्थांश काम संपलेलं असतं. म्हणजे "आधी का नाही कळलं" हा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. आम्हालाही बहुतेक वेळा आधी कळत नाही.

दुसरं, शेपटीचं. कुत्रं दुखणं दाखवत नाही. माझ्या टेबलावर मोडलेल्या मांडीनिशी शेपूट हलवणारी कुत्री मी पाहिली आहेत. शेपूट हलते ती आपला माणूस दारात दिसला म्हणून. त्याचा आणि बरं वाटण्याचा संबंध नाही. आप्पा आत आले नसते तर ती हललीच नसती.

तिसरं. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी झोप लागते, मग श्वास थांबतो, मग हृदय. झोप लागल्यानंतरचं तिला काही कळत नाही. त्याच्या आधीची शेवटची गोष्ट तिला कळली ती म्हणजे आप्पांचा हात. हात होता ना डोक्यावर? बरेच मालक त्या वेळी बाहेर जातात, मी त्यांना दोष देत नाही. पण मग कुत्रं दाराकडे बघत राहतं, आणि ते मला दर वेळी बघावं लागतं.

सव्वीस वर्षांत "डॉक्टर, आपण दोन दिवस उशीर केला" असं म्हणणारे पुष्कळ भेटले. "घाई झाली" म्हणणारे इतके थोडे की बोटांवर मोजावेत.

वेण्णाकाठची (रविवार, दुपारी ३:५१)

हात होता.

तळ्यातमळ्यात (रविवार, सायंकाळी ६:००)

"कुत्रंच तर होतं" म्हणणाऱ्या आत्याबाईंसाठी थोडं विज्ञान. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक वाढतं. आई आणि तान्ह्या बाळात होतं तसंच. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांवर तोच प्रयोग केला, तिथे हे घडलं नाही. म्हणजे ही देवाणघेवाण कुत्रं आपल्या सोबतीत शिकलंय.

आणि हे फक्त सोफ्यावरच्या कुत्र्यांचं नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करतो. अनोळखी माणसाने काही दिवस एका कुत्र्याला खाऊ दिला, दुसऱ्याला नुसतं कुरवाळलं, तर विश्वास कुणाचा जास्त बसला? कुरवाळलेल्याचा. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या जनावराची ही निवड आहे. मी तो निबंध वाचून लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन वॉचमनच्या काळ्याला डोकं खाजवून आलो.

चतकोर (रविवार, सायंकाळी ६:२०)

आता कुणीतरी युधिष्ठिर आणणारच.

गुळपोळी (रविवार, सायंकाळी ६:२४)

आणणारच होते! :) बरं, युधिष्ठिर नको तर नामदेव घ्या. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावणारा संत दुसऱ्या कुणाकडे आहे का? दत्ताच्या पायाशी चार, खंडोबाच्या घोड्यासोबत एक. आपले देवही कुत्रं बरोबर असल्याशिवाय तसबिरीत उभे राहत नाहीत, आणि आपण मात्र "कुत्रंच तर" म्हणतो.

माणदेशी_गडी (रविवार, रात्री ९:१५)

मी धनगराचा. आज्जा मेंढरं घेऊन दिवाळी झाली की कोकणात उतरायचा, मिरगाच्या आधी माघारी. मी शाळेला सुट्टी मारून दोन सालं वाड्यावर, म्हंजे मेंढरांच्या तळावर, होतो, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडं कुत्र्याला कुणी कुरवाळत नव्हतं. घरात तर सोडाच, आमचं घरच पाठीवर. रात्री मेंढरं वाघरीत, म्हंजे जाळीच्या कुंपणात, कोंडायची, कुत्री वाघरीच्या भायेर. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण लांडगा आधी नरडं धरतो. पण एक नेम होता. आज्जी भाकरी थापायला बसली की पहिली भाकरी कुत्र्याची. आज्जा त्यानंतर जेवायचा. आम्ही पोरं भुकेनं कळवळलो तरी ह्यात बदल न्हाई.

एका रातीला लांडगं आलं. काळू नावाचं आमचं कुत्रं रातभर आलंच नाही. सकाळी आलं ते मान फाटलेली, खांद्याचं मांस लोंबतंय. मेंढरू एकबी गेलं नव्हतं. त्या दिवशी तळ हलवायचा होता, पुढच्या गावच्या शेतकऱ्याला रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलेला, त्याचं धान्य ठरलेलं. आज्जानं दोन दिवस तळ हलवला नाही. तिसऱ्या दिवशी घोड्यावर, जिथं कोंबड्या, कोकरं आणि बारकी पोरं बसवत्यात, तिथं काळूला बांधला आणि माझ्या धाकट्या भावाला खाली उतरवून चालायला लावलं. भाऊ आजबी हे ऐकवतो.

काळू त्यानंतर चार सालं जगला. आज्जानं त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला मी बघितला नाही कधी. मेला तेव्हा जिथं पुरला ते शिवार आज्जा दर साली दाखवायचा, "हितं काळू हाय" म्हणायचा आणि मेंढरं जरा वळसा घालून न्यायचा.

आप्पा खांबापाशी थांबत्यात ते मला काय विशेष वाटलं नाही. थांबू द्या.

हरवलेलीछत्री (रविवार, रात्री ९:४०)

माणदेशी, वेगळा धागा काढा हो. वाड्यावरच्या त्या दोन वर्षांचा. वाट बघते.

र्‍हाइनपल्याड (सोमवार, पहाटे २:१०)

मी बॉनला असते, इथे आता रात्र आहे. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

आमच्या शहराच्या ओबरकासेल भागात १९१४ साली दगडाच्या खाणीत एक कबर सापडली. एक पुरुष, एक बाई आणि सोबत एक कुत्रं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. हाडं इथल्या संग्रहालयात आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "हं, जुनं आहे" म्हणून पुढे सरकले होते. मग २०१८ मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास छापून आला. ते पूर्ण वाढलेलं कुत्रं नव्हतंच, जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं. आणि मरण्याआधी कित्येक आठवडे त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूरोग झालेला असावा, तोही पुन्हा पुन्हा उलटलेला.

गोचीडमारांनाच विचारा, डिस्टेंपर झालेलं पिल्लू म्हणजे काय असतं ते. उलट्या, जुलाब, झटके. कुणीतरी त्याला ऊब दिली असणार, पाणी पाजलं असणार, घाण साफ केली असणार, त्याशिवाय ते तितके दिवस जगलंच नसतं. शिकारीला त्याचा उपयोग शून्य. हिमयुगाचा शेवट, स्वतःच्या पोटाची भ्रांत, आणि माणसं आजारी पिल्लाच्या उशाशी बसलेली. मग मेल्यावर त्याला स्वतःच्या माणसांसोबत पुरलं. आत्याबाईंना हे सांगा.

दुसरी गोष्ट आप्पांच्या वजाबाकीची. इथे प्राणी-आश्रमातून कुत्रं घ्यायला गेलं की विचारतात, तुम्ही आजारी पडलात तर हे कुणाकडे जाईल? नाव लिहून घेतात. आप्पांनी तोच प्रश्न स्वतःला विचारलाय, म्हणजे ते या कामाला सगळ्यात लायक! त्यांनी पिल्लू घेऊच नये. म्हातारं घ्यावं. नऊ-दहा वर्षांचं, ज्याला कुणी नेत नाही असं. मी असंच एक आणलं. कुत्र्यामागे महापालिकेला वर्षाचा कर भरते, ट्रेनमध्ये त्याचं तिकीट काढते, आणि ते खिडकीऐवजी माझ्याकडे बघत बसतं.

गोचीडमार (सोमवार, सकाळी ८:०२)

डिस्टेंपरचं पिल्लू आजच्या काळात सलाईन, अँटिबायोटिक, झटक्यांची औषधं असूनही बहुतेक वेळा वाचत नाही. १४,००० वर्षांपूर्वी कातड्यात गुंडाळून काही आठवडे? तुम्ही माझा सोमवार बिघडवलात. चांगल्या अर्थाने.

अदालतवाडा (सोमवार, दुपारी १२:१५)

मीही सातारचा. वेण्णाकाठची, तुम्ही इतक्या जवळ राहता आणि कुणी अजून माहुलीचं कसं नाही सांगितलं?

संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्या त्याचं नाव. शिकारीत वाघ अंगावर येत असताना खंड्याने महाराजांना सावध केलं आणि ते वाचले, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, जहागीर दिली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने तर लिहून ठेवलंय की भर दरबारात शाहू महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. सरदारांची तोंडं काय झाली असतील! डफने हे महाराजांच्या वेडाचा नमुना म्हणून दिलंय. मला तसं वाटत नाही. सात वर्षांचा असताना आईसोबत मोगलांच्या कैदेत गेलेला मुलगा, १७०७ ला सुटला तेव्हा पंचविशीचा होता. परत आल्यावर कित्येकांनी तर तो खरा शाहू की तोतया असाच वाद घातला. अशा माणसाला ज्याने कधी खरं-खोटं विचारलं नाही त्याची किंमत कळली असेल.

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आप्पांना एकदा घेऊन जा. दशक्रियेला अख्खा सातारा तिथेच जातो. म्हणजे एका अर्थी तुम्ही जे "दहावा नाही" म्हणालात त्याची सोय अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

इतिहासवेडा (सोमवार, दुपारी १२:५०)

समाधीचा विषय निघालाच आहे तर रायगडावरच्या वाघ्याचं काय? पुतळा १९३६ चा, २०१२ ला काढला आणि पुन्हा बसवला. समकालीन पुरावा...

संपादक मंडळ (सोमवार, दुपारी १:०५)

वाघ्यावर दोन धागे आहेत आणि दोन्हींना कुलूप आहे. इथे नको. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

बोरीबंदर (सोमवार, दुपारी ४:३०)

उडवलेल्यात माझा नव्हता, म्हणून लिहितो. मी मुंबईचा, शेजार जन्मभर पारशी. त्यांच्यात माणूस गेलं की अंत्यविधीआधी कुत्र्याला आणून मृताचं दर्शन घडवतात. सगदीद म्हणतात त्याला. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम. कुत्र्याच्या नजरेला जे दिसतं ते माणसाला दिसत नाही, अशी श्रद्धा.

म्हणून १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, दर कुत्र्यामागे बक्षीस लावलं, तेव्हा रस्त्यावर उतरले ते पारशी. एरवी इंग्रजांशी सगळ्यात जमवून घेणारा समाज! दुकानं बंद केली, कुलाब्याच्या फौजेचा शिधा अडवला. मुंबईतली पहिली मोठी दंगल कुत्र्यांवरून झाली, हे शाळेत कुणी शिकवलं नाही मला.

रोखठोक (सोमवार, रात्री ८:१०)

बोरीबंदर, तेव्हाही कुणाच्या तरी मुलाला चावलं असेल म्हणूनच मोहीम निघाली असेल. ती बाजू कुठे लिहून ठेवलेली सापडत नाही.

बाकी माणदेशींचा प्रतिसाद दोनदा वाचला. ते कुत्रं वेगळं, सोसायटीतलं वेगळं. काम, मालक, पट्टा, भाकरी सगळं ठरलेलं. मला तेवढंच म्हणायचं होतं.

वेण्णाकाठची (गुरुवार, रात्री १०:००)

उशीर झाला, माफ करा. सांगण्यासारखं बरंच आहे.

मंगळवारी रात्री मी अख्खा धागा आप्पांना वाचून दाखवला. सुरुवातीला ओरडले: "घरातलं गावभर केलंस." मग म्हणाले, "वाच." गोचीडमारांचा शेपटीचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना उठून गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने आले आणि म्हणाले, "लिहून घे." तर हे त्यांचं, जसं सांगितलं तसं:

"डॉक्टरसाहेबांना नमस्कार सांग. पटलं असं म्हणत नाही, पण ऐकलं.

माणदेशच्या पाहुण्यांना सांग की आंबेनळी घाटात मेंढरं आडवी आली की मी हॉर्न वाजवत नसे. कळपातलं एक कुत्रं पुढं येऊन गाडीच्या तोंडाशी उभं राहायचं, माझ्याकडं बघायचं, आणि मग कळप कडेला सरकायचा. प्रवासी ओरडायचे. त्यांच्या आज्जाच्याच कळपाला मी वाट दिली असेल, कुणी सांगावं!

ज्यांच्या मुलीला चावलं त्यांना सांग, मुलगी आधी. कंदीनेही एकदा पोस्टमनला धरलं होतं. दार उघडं मी ठेवलेलं, चूक माझी. पाचही इंजेक्शनांना मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. पुढं ते घरी चहाला येत, पण पाय वर घेऊन बसत.

जर्मनीच्या ताईंनी म्हाताऱ्या कुत्र्याचं सांगितलं. विचार करतो. आत्ता नको. पट्टा अजून धुतलेला नाही. त्याला दुसऱ्या जनावराचा वास लागलेला मला आत्ता चालणार नाही."

बुधवारी सकाळी साडेपाचला मला उठवलं आणि म्हणाले, गाडी काढ. माहुलीला गेलो. खंड्यापाशी बराच वेळ बसले. मी नदीकडे बघत होते. परत येताना एवढंच म्हणाले, "राजा असून त्यालाही दगडापलीकडं काही सुचलं नाही."

आणि आज एक वेगळंच झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका शिक्षिका बाईंकडे पामेरियन आहे, बारा-तेरा वर्षांचं, त्यालाही मूत्रपिंडाचंच निघालंय. बाईंचा हात थरथरतो, सुई टोचवत नाही, रोज दवाखान्यात नेतात. आईने हे सहज जेवताना सांगितलं. आप्पांनी ताट बाजूला ठेवलं, देवघरातली खुंटी उपटून घेतली, खरोखर उपटून, भिंतीचा गिलावा पडला, आणि गेले. चार वाजता आले. "जमलं. पण त्याची कातडी फार पातळ आहे, कंदीसारखी उचलत नाही," म्हणाले. उद्या पुन्हा जायचं आहे म्हणे. आई गिलाव्यावरून बोलली, तेव्हा बऱ्याच दिवसांनी घरात भांडण झालं. बरं वाटलं.

पट्टा खिशातच होता.

गोचीडमार, एक विचारायचं राहिलं. कंदीच्या सलाईनच्या दोन बाटल्या शिल्लक आहेत. एक सीलबंद, एक अर्धी. त्या पामेरियनला चालतील का?

गोचीडमार (शुक्रवार, सकाळी ७:३०)

सीलबंद असेल ती चालेल. तारीख बघा, आणि त्या कुत्र्याच्या डॉक्टरला विचारून तेच द्रावण आहे ना याची खात्री करा. अर्धी टाकून द्या. उघडलेली बाटली इतके दिवस ठेवायची नसते. सुई दर वेळी नवी. कातडी पातळ असेल तर बारीक सुई लावा आणि बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. आप्पांना म्हणावं मानेऐवजी खांद्यांच्या मधे बघा, तिथे जरा सैल सापडते.

वेण्णाकाठची (शुक्रवार, सकाळी ७:४४)

सांगितलं. अर्धी बाटली टाकायला तयार नाहीत. आई बघेल.

गुळपोळी (शुक्रवार, सकाळी ९:२०)

सगळं झालं, पण कंदीचा फोटो कुठेय? इतकं वाचून घेतलंस आणि तोंड दाखवलं नाहीस तिचं.

वेण्णाकाठची (शुक्रवार, दुपारी २:१५)

आप्पांना विचारून चढवला आहे. चार भिंतीच्या पायऱ्यांवरचा, गेल्या पावसाळ्यातला. डावा कान दुमडलेला दिसतोय तो तसाच होता. फोटो हललेला नाही.